न्यूमन/हास: १०७ शर्यती जिंकणारा संघ बंद का पडला?

१ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातून, शिकागोजवळच्या लिंकनशायर या गावातून, एक छोटे निवेदन प्रसिद्ध झाले. आर्थिक परिस्थितीमुळे न्यूमन/हास रेसिंग हा संघ पुढच्या हंगामात इंडीकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या मालिकेत उतरू शकणार नाही, एवढाच त्याचा मथितार्थ होता. २९ हंगाम, १०७ विजय आणि ८ विजेतेपदे अशी या संघाची कमाई होती. नुकत्याच संपलेल्या हंगामात त्याचा एक चालक गुणतक्त्यात चौथा आला होता आणि दुसऱ्याला सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळाला होता. वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघाला टाळे लागले तर त्याचे कारण शोधावे लागत नाही. हा संघ मात्र शेवटच्या वर्षीही चांगला धावत होता. म्हणून त्याच्या अस्ताचे कारण त्याच्या गाड्यांमध्ये किंवा चालकांमध्ये शोधून सापडत नाही. तो ज्या व्यवस्थेवर उभा होता, तिच्यात ते शोधावे लागते.

ज्या गाडीची चारही चाके अंगाबाहेर उघडी असतात आणि जिच्यात चालक एकटाच मधोमध बसतो, तिला उघड्या चाकांची गाडी म्हणतात. भारतातील वाचकांना फॉर्म्युला वन परिचित असते. अमेरिकेत याच कुळातली, परंतु वेगळ्या वळणाने वाढलेली एक परंपरा आहे. तिचे मूळ पीठ म्हणजे इंडियानापोलिसचा अडीच मैलांचा, लंबगोल आणि चारच वळणांचा मार्ग. तेथे १९११ पासून, महायुद्धांच्या काळातील खंड सोडल्यास, दरवर्षी, सहसा मे महिन्यात, ५०० मैलांची शर्यत होते. परंपरेने ३३ गाड्या २०० फेऱ्या मारतात. अमेरिकेतील सामान्य माणसाला या खेळातील दुसरी एकही शर्यत ठाऊक नसली, तरी ‘इंडी ५००’ ठाऊक असते. न्यूमन/हासच्या कहाणीत या शर्यतीची सावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पडलेली आहे.

संघाच्या नावातील न्यूमन म्हणजे हॉलिवूडचे विख्यात अभिनेते पॉल न्यूमन. १९६९ मध्ये आलेल्या एका चित्रपटात त्यांनी शर्यतीच्या चालकाची भूमिका केली, तिच्यासाठी गाडी चालवण्याचे प्रशिक्षण घेतले आणि मग ते त्या छंदातून कधी बाहेरच आले नाहीत. १९७९ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत, वयाच्या ५४व्या वर्षी, ते ज्या गाडीच्या तीन चालकांपैकी एक होते ती एकंदरीत दुसरी आली. १९९५ मध्ये, सत्तरीत, डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटातील विजेत्या गाडीचे ते सहचालक होते. त्यांचा हा नाद पोकळ हौसेचा नव्हता, एवढे या दोन नोंदींवरून पटावे.

दुसरे नाव कार्ल हास यांचे. तोंडात बहुधा न पेटवलेला सिगार, बोलणे कमी आणि व्यवहारात पक्के. शर्यतीपूर्वी ते आपल्या गाडीभोवती फिरून तिच्या निरनिराळ्या भागांना हात लावत, आणि तो विधी झाल्याशिवाय गाडी सुटत नसे. सध्या फॉर्म्युला वनमध्ये ‘हास’ या नावाचा जो संघ धावतो त्याचे मालक जीन हास आहेत; त्यांचे आणि कार्ल हास यांचे काही नाते नाही. कार्ल हास यांनीही १९८५ आणि १९८६ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये संघ उतरवला होता, त्यामुळे हा घोटाळा अनेकांचा होतो.

हास यांचा खरा आधार म्हणजे त्यांचा आयातीचा व्यवसाय. इंग्लंडमधील लोला ही कंपनी शर्यतीच्या गाड्या बनवून विकत असे आणि अमेरिकेत त्या हास यांच्यामार्फत विकल्या जात. त्यांचे सुटे भागही त्यांच्याकडूनच येत. गाडी भिंतीवर आदळली की तिचा पुढचा पंख, चाकांचे जोड, गिअरबॉक्सचे भाग असे सगळे लगेच हवे असते आणि ते ज्याच्याकडे आहे त्याचा गल्ला भरतो. याहून मोठा लाभ माहितीचा होता. गाडीत कोणता बदल केल्यावर ती अधिक वेगाने वळते, कारखान्यात पुढील वर्षासाठी काय चालले आहे, हे हास यांना इतरांच्या आधी कळत असे. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या कॅन-ॲम मालिकेत हास यांच्या संघाने १९७७ ते १९८० अशी लागोपाठ चार विजेतेपदे मिळवली होती. त्याच मालिकेत न्यूमन यांचाही संघ होता, म्हणजे दोघे आधी प्रतिस्पर्धी होते. हास यांनी न्यूमन यांना भागीदारीसाठी विचारले तेव्हा प्रभावी ठरले ते चालकाचे नाव: मारिओ अँड्रेटी. १९६९ चा इंडी ५०० विजेता, १९७८ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता. १९८३ मध्ये संघ मैदानात उतरला, पहिल्याच हंगामात दोन शर्यती जिंकला आणि १९८४ मध्ये अँड्रेटी सहा विजयांसह मालिकेचा विजेता झाला.

येथे थांबून शर्यतीचा संघ जगतो कसा, हे पाहिले पाहिजे. क्रिकेट संघाला तिकीटविक्रीतून किंवा प्रक्षेपणाच्या हक्कांतून मोठा वाटा मिळतो तसे येथे नसते. तिकिटाचे पैसे मुख्यतः शर्यतीच्या आयोजकाकडे जातात. बक्षिसाची रक्कम असते, पण खर्चाच्या मानाने ती अपुरी पडते. एका गाडीसाठी शॅसी म्हणजे तिचा मूळ सांगाडा विकत घ्यावा लागतो. इंजिने बहुधा भाड्याने मिळतात आणि ठरावीक मैल झाले की ती उघडून नव्याने बांधून घ्यावी लागतात. याखेरीज अभियंते, यंत्रज्ञ, ट्रक, प्रवास, चाचण्या आणि अपघातांची भरपाई असतेच. हा सारा भार प्रामुख्याने प्रायोजक उचलतो. एखादी कंपनी गाडीच्या अंगावर आपले नाव रंगवून घेण्यासाठी मोठी रक्कम देते आणि त्या बदल्यात तिला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे लोकांची नजर. न्यूमन/हासला केमार्ट ही दुकानांची साखळी आणि टेक्सॅकोचे हॅवोलीन हे वंगण असे भक्कम प्रायोजक लाभले आणि त्या नावांची काळी-पांढरी गाडी नव्वदच्या दशकात या मालिकेची ओळखच बनली. पॉल न्यूमन यांचा चेहरा ही प्रायोजकांसाठी मोठी मोहिनी होती, हे निराळे सांगायला नको.

म्हणजे संघाच्या पोटाचा प्रश्न त्याच्या जिंकण्यावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तो ज्या मालिकेत धावतो तिच्या लोकप्रियतेवर असतो. ओस पडलेल्या बाजारात सर्वांत चांगले दुकान असून काय उपयोग? ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे समजणे सोपे जाते.

मालिकेच्या घडणीत मात्र पहिल्यापासून एक भेग होती. १९७८ च्या अखेरीस रॉजर पेन्स्की, पॅट पॅट्रिक, डॅन गर्नी आदी संघमालक जुन्या नियामक संस्थेवर नाराज होऊन वेगळे झाले आणि १९७९ पासून त्यांनी ‘कार्ट’ या नावाने स्वतःची मालिका चालवली. आधीच्या संस्थेला ना प्रसिद्धीचे भान होते ना बक्षिसांचे, अशी त्यांची तक्रार होती आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती. परंतु इंडी ५०० ही शर्यत मार्गाच्या मालकांच्या, म्हणजे हलमन-जॉर्ज घराण्याच्या ताब्यात राहिली आणि तिचे नियमन जुनीच संस्था करत राहिली. वर्षभराची मालिका एकाची आणि तिचा मुकुटमणी दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती. शिवाय कार्टमध्ये जे खेळत होते तेच नियम ठरवत होते, त्यामुळे खर्चाला आळा घालणारा नियम आला की ज्याच्याकडे पैसा आहे तो विरोध करणार, हे ठरलेलेच.

ही भेग रुंदावेपर्यंतची १५ वर्षे मात्र वैभवाची होती आणि न्यूमन/हास त्या वैभवाच्या मध्यभागी होता. तरीही इंडियानापोलिसने त्यांना दाद दिली नाही. १९८५ मध्ये डॅनी सलिव्हन अँड्रेटीला मागे टाकताना भर वेगात गोल फिरला, धुरातून बाहेर आला, न आपटता पुन्हा धावू लागला आणि अखेर अँड्रेटीला मागे टाकून जिंकला, अँड्रेटी दुसरा. १९८७ ची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. त्या दिवशी पहिल्या १७७ फेऱ्यांपैकी १७० फेऱ्या अँड्रेटी सर्वांच्या पुढे होता आणि मग इंजिनाने साथ सोडली. त्यामागचे कारण यंत्रशास्त्राच्या दृष्टीने शिकण्यासारखे आहे. प्रत्येक यंत्राचा कंप पावण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. पाळण्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिले की झोका वाढत जातो, त्याप्रमाणे इंजिनाचे फेरे त्या ठेक्याशी जुळले की त्यातल्या स्प्रिंगा वगैरे भागांचे कंपन धोकादायक होते. अँड्रेटीकडे मोठी आघाडी होती, म्हणून त्याने इंजिन जपण्यासाठी वेग थोडा कमी केला. परंतु त्यामुळे फेरे नेमके त्या घातक पट्ट्यात आले आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली. जपायला गेला आणि त्यातच गमावून बसला. या खेळातील इतके क्रूर उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

१९८९ मध्ये मारिओचा मुलगा मायकेल याच संघात आला. १९९१ मध्ये तो आठ शर्यती जिंकून मालिकेचा विजेता झाला, पण त्याच वर्षी इंडियानापोलिसला त्याने शेवटच्या टप्प्यात रिक मीअर्सला बाहेरच्या बाजूने मागे टाकले आणि पुढच्याच फेरीत मीअर्सने त्याच वळणावर, त्याच बाहेरच्या बाजूने, त्याला मागे टाकून शर्यत जिंकली. १९९२ मध्ये मायकेल १६० फेऱ्या आघाडीवर होता. ११ फेऱ्या उरल्या असताना इंधनाचा पंप बंद पडला. त्याच शर्यतीत मारिओच्या पायाची बोटे मोडली होती आणि दुसऱ्या संघातून धावणारा धाकटा मुलगा जेफ याचे पाय गंभीर जखमी झाले होते. एका घराण्यावर एका दिवशी इतके कोसळावे, हे त्या मार्गाचे दुर्दैवी वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

१९९३ साल हे या संघाचे आणि बहुधा संपूर्ण कार्ट मालिकेचे शिखर. मायकेल फॉर्म्युला वनमध्ये मॅकलारेनकडे गेला आणि त्याच्या जागी इंग्लंडचा नायजेल मॅन्सेल आला. मॅन्सेलने नुकतेच १९९२ चे फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद जिंकले होते, पण पुढील कराराबाबत विल्यम्स संघाशी त्याचे बिनसले. गादीवर असलेला विश्वविजेता फॉर्म्युला वन सोडून अमेरिकेत येतो, ही गोष्ट अभूतपूर्व होती. ऑस्ट्रेलियातील सर्फर्स पॅराडाइज येथील पहिलीच शर्यत त्याने जिंकली. नंतर फीनिक्सच्या लंबगोल मार्गावर सरावात त्याची गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आदळून पाठीला दुखापत झाली, तेव्हा अनेकांना वाटले की हा प्रकार त्याला जमणार नाही. मॅन्सेलने त्या हंगामात जिंकलेल्या उरलेल्या चारही शर्यती मात्र लंबगोल मार्गांवरच्याच होत्या. सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातील नॅझरेथ येथे त्याचे विजेतेपद निश्चित झाले. तेव्हा फॉर्म्युला वनचा नवा विजेता अजून ठरायचा होता, त्यामुळे काही दिवस दोन्ही मुकुट एकाच माणसाच्या डोक्यावर होते. त्याच वर्षी ५३ वर्षांच्या मारिओने फीनिक्सची शर्यत जिंकली. ती त्याची अखेरची. इंडी ५०० मध्ये मॅन्सेल अखेरच्या टप्प्यात आघाडीवर होता, पण पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे सावधगिरीसाठी, मंदावलेली शर्यत पुन्हा वेग घेण्याच्या क्षणी इमर्सन फिटिपाल्डी आणि आरी लायेंडाइक यांनी त्याला गाठले आणि तो तिसरा आला. इंडी पुन्हा निसटली.

मॅन्सेलमुळे युरोपातील प्रेक्षकही या मालिकेकडे वळला. त्यामुळेच कार्टच्या मालकांना वाटू लागले की आता आपले कोणावाचून अडत नाही.

दुसऱ्या बाजूला इंडियानापोलिसच्या मार्गाची सूत्रे १९९० मध्ये टोनी जॉर्ज या तरुण वारसाच्या हाती आली होती. खर्च हाताबाहेर जातो आहे, लंबगोल मार्गांपेक्षा शहरांतील रस्त्यांवरच्या शर्यती वाढत आहेत, परदेशी चालक येत आहेत आणि छोट्या धूळमार्गांवरून वर येणाऱ्या अमेरिकी मुलांना जागा उरलेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पण त्यावर त्यांनी शोधलेला उपाय रोगापेक्षा भयंकर ठरला. १९९४ मध्ये त्यांनी वेगळ्या मालिकेची घोषणा केली. १९९६ पासून ती ‘इंडी रेसिंग लीग’ म्हणजे आयआरएल या नावाने सुरू झाली आणि इंडी ५०० मधील ३३ पैकी २५ जागा त्या मालिकेतील संघांसाठी राखून ठेवण्यात आल्या. कार्टच्या संघांनी हा अपमान मानला आणि २६ मे १९९६ रोजी, इंडी ५०० च्याच दिवशी, मिशिगनमध्ये आपली वेगळी ५०० मैलांची शर्यत भरवली. नामवंत चालक एका मैदानात आणि नामवंत मैदान दुसऱ्याच्या हाती, अशी ही फाळणी होती. १९७७ मध्ये केरी पॅकर यांनी क्रिकेटमध्ये वेगळी चूल मांडली तेव्हा दोन वर्षांत तडजोड झाली. येथे तडजोडीला १२ वर्षे लागली.

या फाळणीचा एक तांत्रिक पदर फारसा सांगितला जात नाही, पण संघांच्या दृष्टीने तोच निर्णायक होता. १९९७ पासून आयआरएलने आपल्या गाड्यांचे नियमच बदलले. कार्टच्या गाड्यांत टर्बो इंजिन असे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर अधिक हवा आत कोंबून शक्ती वाढवणारे. आयआरएलमध्ये टर्बोविना इंजिन आणि निराळी, स्वस्त शॅसी सक्तीची झाली. याचा अर्थ असा की कार्टमधल्या संघाला एकदाच इंडी ५०० मध्ये उतरायचे असले, तरी संपूर्ण वेगळी गाडी, वेगळे इंजिन आणि वेगळे सुटे भाग विकत घ्यावे लागत. अहंकाराची भिंत बोलणी करून पाडता येते, पण नियमांची भिंत पैसा मागते. न्यूमन/हास १९९६ पासून २००३ पर्यंत इंडी ५०० मध्ये उतरला नाही.

त्याच सुमारास हास यांचा दुसरा आधारही डळमळला. रेनार्ड या इंग्रज कंपनीने १९९४ मध्ये कार्टमध्ये पदार्पण केले आणि पहिलीच शर्यत जिंकली. ती गाडी चालवणारा होता फॉर्म्युला वनमधून परतलेला मायकेल अँड्रेटी, चिप गनासी यांच्या संघासाठी. एकेक संघ लोला सोडून रेनार्डकडे वळू लागला. मायकेल १९९५ मध्ये न्यूमन/हासकडे परत आला आणि १९९६ मध्ये लोलाच्या गाडीत पाच शर्यती जिंकून मालिकेत दुसराही आला, परंतु १९९७ मध्ये फॉर्म्युला वनमधील फसलेल्या धाडसानंतर लोला कंपनीच दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. संघाने तोवर कॅलिफोर्नियातील स्विफ्ट या कंपनीची गाडी स्वीकारली होती आणि पदार्पणातच ती जिंकलीही. तरी एकट्यासाठी गाडी घडवून घेणे म्हणजे तिचे सगळे दोषही एकट्यानेच शोधणे. १९९७ ते २००१ या काळात संघाला एकही विजेतेपद मिळाले नाही. पुढे सावरलेल्या लोलाकडे परतल्यावर आणि टोयोटाचे इंजिन घेतल्यावर ब्राझीलच्या ख्रिस्तियानो दा मात्ताने २००२ मध्ये सात विजयांसह ते परत आणले.

पण २००२ हेच ते साल, ज्या साली बाजार उठला. १९९८ मध्ये कार्टने आपले शेअर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १६ डॉलरला विकले होते. २००१ मध्ये टेक्सासच्या तीव्र उताराच्या लंबगोल मार्गावर ताशी ३७० किलोमीटरच्या पलीकडे गेलेल्या गाड्यांतील बहुतेक चालकांना गरगरू लागले, कारण त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर पडत होता. शर्यत ऐनवेळी रद्द करावी लागली आणि मालिकेची अब्रू गेली. गनासी यांनी २००० मध्ये इंडी ५०० मध्ये संघ उतरवून ती जिंकून दाखवली, तेव्हाच इतरांच्या मनात चलबिचल सुरू झाली होती. २००२ मध्ये पेन्स्की यांचा संघ पूर्णपणे आयआरएलमध्ये गेला. ज्यांनी कार्ट स्थापन केली त्यांच्यापैकी एक प्रमुख असामीच निघून गेली. त्या हंगामानंतर होंडा आणि टोयोटा गेल्या, गनासी गेले, मायकेल अँड्रेटी आता ज्या संघाचा भागीदार होता तो संघही गेला. २००३ मध्ये कार्टचा शेअर एका डॉलरच्याही खाली होता आणि २००४ च्या प्रारंभी दिवाळखोरीतून ती मालिका जेराल्ड फोरसाइथ, केव्हिन कॅलकोव्हन आणि पॉल जेंटिलोत्सी यांनी विकत घेतली. तिचे नाव आता ‘चॅम्प कार’ होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ व्हावा तसे प्रेक्षक, प्रायोजक आणि दूरचित्रवाणीचा पैसा हे सारे नॅसकार या बंद गाड्यांच्या मालिकेकडे गेले होते.

न्यूमन आणि हास मात्र जागचे हलले नाहीत. रस्ते, शहरे आणि लंबगोल मार्ग अशा सर्व प्रकारच्या शर्यती एका हंगामात व्हाव्यात, या कार्टच्या मूळ कल्पनेवर त्यांचा विश्वास होता. त्यांच्या निष्ठेचा मला आदर वाटतो. परंतु तिची किंमत संघाने मोजली, हेही खरे.

कारण त्यानंतरचे यश जितके झळझळीत, तितकेच एकाकी होते. फ्रान्सच्या सेबास्तियाँ बुर्दे याने २००४, २००५, २००६ आणि २००७ अशी लागोपाठ चार विजेतेपदे मिळवली. अमेरिकेच्या या परंपरेत तसे त्यापूर्वी कोणालाही जमले नव्हते. बुर्देचे कौशल्य निर्विवाद होते. पण सुरुवातीच्या रांगांत गाड्या विशीच्याही आत आल्या होत्या, सर्वांना कॉसवर्थचे एकच इंजिन होते आणि २००७ मध्ये तर शॅसीही सर्वांना एकच मिळाली. गाडी सारखी असली की खर्च कमी होतो, मात्र एकमेकांना हरवण्यासाठी इंजिन कंपन्या जो पैसा ओततात तोही नाहीसा होतो. त्या १०७ विजयांपैकी मोठा वाटा या ओसाड वर्षांतला आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही १९८४, १९९१ आणि १९९३ ही वर्षे तशी नव्हती, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे.

फेब्रुवारी २००८ मध्ये अखेर दोन्ही मालिका एक झाल्या. खरे तर चॅम्प कार आयआरएलमध्ये विलीन झाली आणि तिच्या संघांना काही आठवड्यांत डॅलाराची शॅसी आणि होंडाचे इंजिन घेऊन उभे राहावे लागले. त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना त्याच गाडीचा पाच-पाच वर्षांचा अनुभव होता. शॅसी मिळाली, मदतही मिळाली; मात्र तिचे डँपर म्हणजे धक्के शोषणारे भाग कसे लावायचे, पंख किती कलते ठेवायचे, टायर तापले की काय करायचे, याची वर्षानुवर्षांची टिपणे विकत मिळत नाहीत. अशा स्थितीत ६ एप्रिल २००८ रोजी फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गच्या ओल्या रस्त्यांवर संघाच्या ग्रॅहम रेहालने नव्या मालिकेतील आपली पहिलीच शर्यत जिंकली. तो १९ वर्षे आणि ९३ दिवसांचा होता. या खेळात तोपर्यंत इतक्या लहान वयात कोणी जिंकले नव्हते. ३१ ऑगस्टला डेट्रॉइट येथे जस्टिन विल्सन जिंकला. तो संघाचा १०७वा आणि शेवटचा विजय. २६ सप्टेंबर २००८ रोजी पॉल न्यूमन यांचे कर्करोगाने निधन झाले. ते ८३ वर्षांचे होते.

त्याच महिन्यात अमेरिकेतील बँका कोसळू लागल्या. मंदीत कंपन्या सर्वांत आधी जाहिरातीचा खर्च छाटतात आणि जाहिरातीतही ज्या खेळाकडे लोकांची पाठ आहे त्याचा क्रमांक पहिला लागतो. प्रायोजकांच्या बैठकीत स्वतः जाऊन बसणारे न्यूमन आता नव्हते, हास यांचे वय ८० च्या घरात होते आणि त्यांच्या पत्नी बर्नी यांच्यावर संघाचा भार वाढत होता. २००७ पासून भागीदार असलेले माइक लॅनिगन २०१० च्या हंगामानंतर बाहेर पडले. पेन्स्की किंवा गनासी यांच्याकडे इतर मालिकांतील संघ होते, पाठीशी मोठे उद्योग किंवा दीर्घकालीन प्रायोजक होते. एका हंगामाचा तोटा ते दुसरीकडे भरून काढू शकत. न्यूमन/हासकडे तेव्हा प्रामुख्याने हीच एक मालिका उरली होती.

म्हणूनच २०११ चा हंगाम मला विशेष वाटतो. ओरिओल सेर्व्हियाने इंडी ५०० साठी पहिल्या रांगेत, तिसऱ्या क्रमांकावर जागा मिळवली आणि शर्यतीत तो सहावा आला. हंगामाअखेर तो चौथा होता, आणि त्याच्या पुढे होते ते याहून कितीतरी अधिक पैसा असलेले संघ. कॅनडाचा जेम्स हिंचक्लिफ सर्वोत्तम नवोदित ठरला. १६ ऑक्टोबर २०११ रोजी लास व्हेगासच्या अखेरच्या शर्यतीत १५ गाड्यांचा भीषण अपघात होऊन त्या वर्षीचा इंडी ५०० विजेता डॅन व्हेल्डन मरण पावला आणि शर्यत सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतरच थांबवण्यात आली. न्यूमन/हासच्या गाड्या त्यानंतर धावल्याच नाहीत. २०१२ साठी सर्व संघांना नवी शॅसी आणि नवी टर्बो इंजिने घ्यायची होती. जुन्या सामग्रीवर आणखी एक वर्ष काढण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला आणि नव्या खरेदीसाठी ठोस प्रायोजक नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या दिवशी ते निवेदन निघाले.

संघातली माणसे इतर संघांत विखुरली. हिंचक्लिफला मायकेल अँड्रेटीच्या संघाने घेतले. कार्ल हास २०१६ च्या जूनमध्ये निवर्तले. बाहेर पडलेले माइक लॅनिगन हे ग्रॅहमचे वडील बॉबी रेहाल यांच्या संघात भागीदार झाले होते. त्या संघाची गाडी घेऊन जपानचा ताकुमा सातो २३ ऑगस्ट २०२० रोजी, करोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या प्रेक्षागृहांसमोर, इंडी ५०० जिंकला. न्यूमन आणि हास यांना २९ हंगामांत ती शर्यत एकदाही जिंकता आली नव्हती.